दुसऱ्या रिंगला

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, विजेला भिते, एसटी वळणावर जरा कलंडली की डोळे मिटून घेते. पण सगळ्यात जास्त भिते ती फोनच्या रिंगला. आणि काम कुठे करते, तर भोरच्या बाजारपेठेत, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात! तिथे दिवसभर दहा माणसांचे दहा फोन वाजत असतात. ते वाजले तर मला काही होत नाही. माझा वाजला की हातातलं काम तसंच राहतं. नंबर अनोळखी असला तर मी विचारही करत नाही. पहिल्याच रिंगला कापते.

जुलैमधली दुपार होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि वीज दर पाच मिनिटांनी डोळा मारत होती. तेवढ्यात एक जण आत आला. पाठीवरच्या सॅकवर खताची पिशवी पांघरलेली, चष्म्यावर वाफ धरलेली. त्याने शर्टाच्या आतून एक कागद काढला. स्वतः चिंब भिजला होता, कागद मात्र कोरडा ठेवला होता.

"याच्या तीस प्रती द्या."

मी मशीन सुरू केलं. त्याने चष्मा पुसला, फोन काढला आणि मोठ्ठा उसासा टाकला.

"काय झालं?" मी उगाचच विचारलं.

"एक शुभांगी मॅडम आहेत. भाटघर धरणाच्या खाली, नदीकाठच्या वस्तीतल्या. त्यांच्याशिवाय माझं काम पुढं सरकत नाही, आणि त्या माझा फोन कापतात. परवापासून सात वेळा. बाई फार तापट दिसतायत."

"कामात असतील…"

"पहिल्या रिंगला कापणाऱ्याला काम नसतं, राग असतो," तो अगदी ठामपणे म्हणाला. "माझा अभ्यासच आहे तो."

एवढं बोलून त्याने पुन्हा नंबर लावला. आणि काउंटरवर, स्टेपलरच्या शेजारी पडलेला माझा फोन वाजला. हात सवयीने पुढे गेला. मी कापला.

त्याने आपल्या फोनकडे पाहिलं. मग माझ्या फोनकडे. मग माझ्याकडे. मशीन निवांतपणे सतरावी प्रत बाहेर काढत होतं.

"तापट नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना. "भित्री."

आता हा हसणार, असं मला वाटलं. पण तो हसला नाही.

"कशाला भिता?"

"रिंगला."

त्याने खिशातून छोटी वही काढली, पेन उघडलं… आणि थांबला. "लिहू का?"

दिवसभरात शंभर माणसं माझ्याकडून काय काय लिहून घेतात. लिहू का, असं आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं. मी मान हलवली, आणि मग उरलेल्या तेरा प्रती होईपर्यंत उगीचच मशीनकडे बघत राहिले.

त्याचं नाव प्रशिक. मूळचा वेल्ह्याकडचा, गुंजवण्याचा. त्यांचं भातखाचर धरणाच्या पाण्यात गेलं होतं, तेव्हा तो शाळेत होता. आता पुण्यातल्या एका संस्थेत संशोधन करत होता. माणसं मोबाईल कसा हाताळतात, कुठे अडतात, कशाला दचकतात, हा त्याचा विषय. त्यातून त्यांनी एक सेवा बनवली होती. धरणातून पाणी सोडायचं ठरलं की खालच्या वस्त्यांना फोन जायचा आणि रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू यायची. अजून सगळं चाचणीवर होतं. वस्तीतली माणसं तो फोन घेतात का, हे त्याला महिनाभर राहून बघायचं होतं. घरोघरी नेणारं ओळखीचं माणूस हवं म्हणून माझ्या कॉलेजच्या सुलक्षणा मॅडमनी माझा नंबर दिला होता.

"जमणार नाही," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या थांब्यावर एसटीतून उतरला.

माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याला ओट्यावर बसवून घेतलं. सोपान म्हणजे कमी बोलणारा माणूस, अशी आबांची ख्याती आहे. पण "जय भीम, काका" म्हणून प्रशिक टेकला आणि धरणाच्या गप्पा अशा रंगल्या की चहा दोनदा झाला.

"शुभे, पोरगं आपलंच हाय," आबा म्हणाले. "घरं दाव की त्याला. त्याला काय कुत्री वळखत्यात व्हय?"

असं मला त्या कामाला जुंपलं गेलं. रोज संध्याकाळी दुकानातून आले की एक घर. बावीस घरं होती.

त्याची पद्धत मजेशीर होती. माणसाच्या हातात फोन द्यायचा, एक काम सांगायचं, आणि म्हणायचं, "मनात येईल ते मोठ्यानं बोला. चूक-बरोबर काही नाही." ते काम एकदा झालं की पुन्हा करायला लावायचा. "एक नोंद म्हणजे योगायोग. दोनदा झालं तरच मी खरं मानतो," हे त्याचं पालुपद.

ठकुबाईंच्या घरी तर तमाशाच झाला. सत्तरीची म्हातारी, चार शेळ्यांची मालकीण. फोन तळहातावर असा धरला की जणू निखारा.

"आता बोलू का? बोलते. ह्ये हिरवं हाय. ह्ये तांबडं. हिरवं दाबलं तर कोन बोलंल देव जाणे… तांबडं बरं. आन् ह्यो चष्मेवाला शुभीकडं का बघतोय सारखा?"

"आजी, फोनबद्दल बोला," प्रशिक गडबडून म्हणाला.

"तूच म्हनलास मनात यील त्ये बोल. आलं मनात!"

मी ओढणीत तोंड लपवलं. त्याने वहीत खाली मान घालून काहीतरी लिहिलं. बऱ्याच दिवसांनी मी ते पान चोरून पाहिलं, तर तिथे नुसत्या रेघा होत्या.

मी अशी हसत होते, आणि आतून घाबरतही होते. कारण रोज संध्याकाळी साडेपाचला दुकानाचं शटर ओढताना माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागली होती. एसटी उशिरा आली तर जीव कासावीस व्हायचा. हे काय चाललंय ते मला कळत होतं. आणि कळत होतं म्हणूनच झोप लागत नव्हती.

दोन आठवड्यांनी माझी पाळी आली. आमच्या ओट्यावर, पाऊस उघडलेला, समोर भाताची खाचरं तुडुंब. प्रशिकने माझाच फोन माझ्या हातात दिला.

"अनोळखी नंबरावरून फोन येईल. घ्यायचा. आणि मनात येईल ते…"

"मोठ्यानं बोला. पाठ झालंय मला."

फोन वाजला. माझा अंगठा तांबड्यावर गेला. "आता मला… घाम येतोय," मी बोलायला लागले. "आता आई आठवतेय. चार वर्षांपूर्वी ती पुण्याला दवाखान्यात होती. सकाळचे अकरा वाजले होते, मी भाकरी करत होते. अनोळखी नंबर आला. मी पिठाच्या हाताने घेतला. एका बाईने आईचं नाव विचारलं, माधुरी ना म्हणाली… आणि मग ते सांगितलं. मला तिचा आवाज अजून ऐकू येतो. वाईट नव्हती बिचारी. पण तेव्हापासून मला वाटतं, प्रत्येक अनोळखी नंबराच्या पलीकडे तीच बसलीय."

फोन वाजून वाजून थांबला होता.

"अजून काही मनात आलं?" त्याने अगदी हळू विचारलं.

आलं होतं. जितकी जिवाची माणसं जास्त, तितके ते फोन जास्त. आज माझ्याकडे एकटे आबा आहेत, म्हणजे एकच भीती. त्यात अजून एक नंबर वाढवायचा नाही, हे मी ठरवलेलं आहे. पण हे मी मोठ्यानं बोलले नाही. पद्धतीत पहिल्यांदाच लबाडी केली.

"नाही," मी म्हणाले.

त्याने वही मिटली. आज त्यात एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तो हिरमुसून आला. लॅपटॉप उघडून त्याने मला एक तक्ता दाखवला. चाचणीचे चार फोन झाले होते. चारही वेळा जवळजवळ सगळ्या वस्तीने फोन कापला होता. सूचना कुणीच ऐकली नव्हती.

"कुणाला पर्वाच नाही," तो म्हणाला. "उद्या खरंच पाणी आलं तर काय? मला तर भीतीच वाटायला लागलीय."

मी तक्ता पाहिला आणि मला हसू फुटलं.

"अहो, सर्वेवाले! कापला म्हणजे कळलं."

"म्हणजे?"

म्हणजे असं. आमच्या वस्तीत कोण कुणाशी फोनवर बोलत बसतं? आबा शेतात, लाइट आली की आई घरून फोन करायची. ते कापायचे. म्हणजे कळलं, पाण्याची मोटार चालू करतो. मावशी भोंगवलीला पोचली की फोन करायची. आम्ही कापायचो. कळलं, पोचलीस. पूर्वी पैसे वाचवायला सुरू झालं असेल, आता सवयच झालीय. आणि या सेवेचा नंबर मीच सगळ्यांच्या फोनमध्ये 'नदी' नावाने भरून दिला होता. नदीचा फोन आला, कापायचा, शेळ्या वर न्यायच्या. त्यात ऐकायचं काय?

प्रशिक धावतच ठकुबाईंकडे गेला. मी मागोमाग.

"आजी, नदीचा फोन आला तेव्हा काय केलंत?"

"कापला. आन् शेरडं वर नेली!" ठकुबाई कडाडल्या. "चार येळा नेली, चार येळा आनली. पानी कुठंय? मुडद्या, तुझ्या चाचनीपायी माझ्या शेरडांचं पाय दुखाया लागल्यात!"

त्याने कपाळावर हात मारला. तीन आठवड्यांचा अहवाल उलटा लिहिला गेला होता. परत येताना चिखलाच्या वाटेवर तो एकदम थांबला.

"एक विचारू? मग माझे सात फोन… तेही कळलं म्हणून कापलेत?"

"ते घाबरून."

"फरक कसा ओळखायचा?"

"सोपं आहे. घाबरून कापणारी पहिल्या रिंगलाच कापते. कळलं म्हणायचं असेल तर पहिली रिंग पुरी वाजू द्यायची. दुसरी लागली की कापायचं."

"दुसरी लागली की…" तो पुटपुटला. चष्म्याआडून माझ्याकडे बघत राहिला. वाट इतकी अरुंद होती की एकाला बाजूला व्हावंच लागणार होतं, आणि आम्ही दोघेही झालो नाही. शेवटी मागून शेळ्या आल्या म्हणून मी बांधावर चढले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात घाटमाथ्यावर चार दिवस पाऊस कोसळला. बुधवारी मी दुकानात गेलेच नाही. दुपारी तीनला वस्तीच्या ग्रुपवर निरोप आला, पाच वाजता धरणातून पाणी वाढवणार, नदीकडे कुणी जाऊ नये. पाठोपाठ सगळ्या घरांत नदीचा फोन वाजला. सगळ्यांनी कापला, अगदी दुसऱ्या रिंगला.

आणि कुणीही हललं नाही.

मी ओट्यावरून बघत होते. ठकुबाईंच्या शेळ्या नदीकाठच्या गवतात निवांत चरत होत्या. खालच्या घरातल्या दोघी धुणं घेऊन घाटाकडे निघाल्या होत्या. प्रशिक भिजत धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"त्यांना चाचणी वाटतेय," तो म्हणाला. "पाचवी चाचणी. हे माझ्यामुळं झालं, शुभांगी. चार वेळा खोटा फोन केला मी…"

पहिल्यांदाच त्याने मला नुसतं शुभांगी म्हटलं होतं. पण त्याचा आनंद करायला वेळ नव्हता, कारण मला एकदम आठवलं.

"आबा! आबा मोटार काढायला गेलेत. जेवून लगेच गेलेत."

नदीच्या पात्रात आमची मोटार होती. पाणी वाढायच्या आत ती काढावी लागते, नाहीतर गेलीच. दरवर्षी काढतात. दरवर्षी दोघं-तिघं मिळून काढतात. आज आबा एकटेच गेले होते.

"मी आणतो त्यांना," प्रशिक म्हणाला. "तुम्ही घराघरात फोन करा."

"मी? मी कुणाला फोन करत नाही. कधीच करत नाही!"

"म्हणूनच करा. शुभांगीने फोन केला म्हणजे खरं असणार, एवढं त्यांना लगेच कळेल." तो पायरी उतरला आणि वळला. "मला पण करा. मी कापेन."

तो उसाच्या आड गेला.  मी उंबऱ्यावर बसले आणि पहिला नंबर लावला. ठकुबाईंचा. पलीकडे रिंग वाजली, आणि मला कळलं की फोन करणाऱ्यालाही तितकीच भीती वाटते. एक रिंग. दुसरी लागली… कापला. आणि खालून आवाज आला, "अगं बया! शुभीचा फोन! शुभीनं फोन केला! चला, चला, वर चला!"

मग दुसरा नंबर. तिसरा. बोट चुकीच्या नावावर पडत होतं, तरी मी करत राहिले. कुणी कापलं, कुणी घेतलं. घेतलं त्यांना मी फक्त "खरंय, खरंय" एवढंच म्हणू शकले. धुणंवाल्या माघारी पळाल्या. शेळ्या वर आल्या. गुरं वर आली. शेवटच्या घराने कापलं तेव्हा साडेचार वाजले होते.

मग मी आबांना लावला. रिंग वाजली. दुसरी. तिसरी. आबा कधी दुसरीच्या पुढे जाऊ देत नाहीत. चौथी, पाचवी… वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

प्रशिकला लावला. एक. दोन. तीन. चार.

कापत नव्हता.

पाऊस इतका दाट होता की ऊस दिसत नव्हता, नदी तर नाहीच. पण तिचा आवाज बदललेला मला ऐकू येत होता. मी उठले, खाली बसले, पुन्हा उठले. आई गेली तेव्हा निदान एकदाच वाजला होता फोन. आता मी दोन माणसांना फोन करत होते आणि दोन्ही नुसते वाजत राहत होते. म्हणजे दुसरा नंबर वाढला होता. मी ठरवलं होतं, वाढवायचा नाही, आणि तो कधीच वाढून बसला होता. रडूही येईना. मी पुन्हा प्रशिकला लावला. शेवटपर्यंत वाजला. पुन्हा लावला.

एक रिंग पूर्ण वाजली. दुसरी लागली…

कापला.

मी फोन छातीशी धरला आणि पावसात पळत सुटले. भिते मी विजेला, पण त्या दिवशी ती कडाडली की नाही, ते मला आठवत नाही.

बांधाच्या वरच्या वळणावर दोघं भेटले. एका वाशाला दोरांनी मोटार बांधलेली, पुढचं टोक प्रशिकच्या खांद्यावर, मागचं आबांच्या. चिखलाने दोघं सारखेच दिसत होते. खाली पाणी आमच्या बाभळीच्या बुंध्याशी आलं होतं. तिच्या फांदीवर आबांचा शर्ट लटकत होता, आणि शर्टाच्या खिशात आबांचा फोन.

"पाइप ग्येला बग," आबा म्हणाले. जणू बाजारातून आले होते.

माझा सगळा राग प्रशिकवर निघाला. "कापायचा ना! वाजतोय, वाजतोय… कापायचा ना फोन! मरत होते मी इथं!"

"कापत होतो," तो धापा टाकत म्हणाला. "बोट ओलं. स्क्रीन घेतच नव्हती. शर्टाला पुसलं, शर्ट ओला. नाकाने करून पाहिलं, नाकही ओलं. शेवटी काकांनी तंबाखूची पिशवी दिली, प्लास्टिकमधली. त्यात बोट घातलं, कोरडं केलं, तेवढ्यात तुमचा फोन परत आला… आणि मग दुसरी रिंग लागेपर्यंत थांबलो."

"थांबलात?"

"पहिल्याला कापला असता तर तुम्हाला वाटलं असतं, घाबरून कापला."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग मला हसू आलं आणि हसता हसताच रडू आलं. आबा नदीकडे तोंड करून उभे राहिले, बराच वेळ.

महिना संपला. जायच्या आदल्या दिवशी तो शेवटच्या प्रती काढायला दुकानात आला. मशीन घरघरत होतं. 

"नवीन नियम केलाय," तो म्हणाला. "कापला म्हणजे पोचला, असं आता मोजणार. आणि चाचणीचा फोन आधी सांगून करणार."

"ठकुबाईंच्या शेळ्या आशीर्वाद देतील."

"शुभांगी…" तो थांबला. "रविवारी मी फोन करीन. अकरा वाजता. काकांना भेटायला यायचंय. फोनवर नाही, समोर बसून विचारायचंय त्यांना. पण आधी तुम्हाला विचारतोय. बोलायची भीती वाटत असेल तर बोलू नका. पहिल्या रिंगला कापला तर मी समजेन, तुम्हाला नको आहे. मग पुन्हा फोन करून त्रास देणार नाही."

"अकराच का?" मी विचारलं.

"त्या वेळेवर दवाखान्याच्या त्या एकाच फोनचा हक्क राहू नये म्हणून." त्याने प्रती उचलल्या, शर्टाच्या आत ठेवल्या आणि पावसात निघून गेला.

रविवारी मी सकाळपासून भांडी घासत होते. घासलेली पुन्हा घासली. आबा ओट्यावर नवीन पाइपाला जोड लावत बसले होते. फोन माझ्यासमोर, पाटावर. दहा वाजून पन्नास. पंचावन्न. मला वाटलं होतं, आज तरी भीती जाईल. कुठली जातेय!  त्याचं गाव चाळीस-पन्नास किलोमीटरवर, मध्ये घाट, दरडी, पाणी, एसटीची वळणं. या माणसाला हो म्हटलं की हे सगळं माझ्या जिवाला लागणार. आयुष्यभर रस्त्याकडे कान लावून बसावं लागणार. नको म्हटलं तर? तर फोन वाजणार नाही. कधीच वाजणार नाही. ते मला मनात आणून बघवेना.

अकरा वाजले. फोन वाजला.

अंगठा सवयीने तांबड्यावर गेला. मी दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला, खरंच धरून ठेवला. पहिली रिंग इतकी लांब असते, हे मला कधी माहीतच नव्हतं. ती पूर्ण वाजली. मध्ये एक क्षण सगळं शांत झालं, आणि मग दुसरी लागली.

मी कापला.

ओट्यावरचा पाइपाचा आवाज थांबला होता. आबा दारात उभे होते. रिंग मोजायला या वस्तीत कुणाला शिकवावं लागत नाही.

"कोन व्हतं?" त्यांनी विचारलं.

मी फोन पाटावर उलटा ठेवला. मान वर करता येईना.

"कळलं म्हनालीस जनू," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात हसू होतं, आणि डोळ्यांत पाणी. "बरं झालं. तुजी आय असती तर तिनं पैल्याच दिशी वळखलं असतं. म्या आपला पानी वाढस्तवर थांबलो."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्याचाच. एक नोंद म्हणजे योगायोग! मी डोळे पुसले, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच वाजणाऱ्या फोनच्या हिरव्यावर बोट ठेवलं. पलीकडे तो श्वास रोखून होता, इतकं मला ऐकू आलं.

"शुभांगी…? बरोबर मोजलं ना मी? दुसरीच होती ना? काहीतरी बोला. मनात येईल ते… मोठ्यानं."

आबा समोर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मनात होतं ते सगळं मोठ्यानं बोलून टाकलं.

"भीती वाटतेय," मी म्हणाले. "खूप भीती वाटतेय. लवकर या."